मेंदूवाले सर

दिवा पूर्वेला आगासन रोडने पाट्या वाचत चाललं की तळमजल्याच्या गाळ्यांत काय काय करून मिळतं ते कळतं. 'साडीला फॉल-पिको करून मिळेल.' 'घरगुती मसाला कांडून मिळेल.' आणि त्याच रांगेत, पिठाच्या गिरणीला लागून, 'बुद्धिमत्ता वाढवून मिळेल.' त्याखाली लहान अक्षरांत शिष्यवृत्ती, नवोदय, एनएमएमएस, पोलीस भरती, तलाठी. त्याहून लहान अक्षरांत, 'दर शनिवारी मेंदू तपासणी मोफत.'

या पाटीचे मालक ते आमचे मेंदूवाले सर. त्यांना नाव आहे, रेशनकार्डावर आडनावही आहे. पण गिरणीवाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांच्या तोंडी मेंदूवाले हेच बसलंय. त्यांच्या पत्नी बालवाडीत शिकवतात आणि घर बरंचसं त्यांच्याच पगारावर चालतं, तरी भाजीवाली त्यांना 'मेंदूवाल्या वहिनी' म्हणते. वहिनी ऐकून घेतात. लग्नाला बरीच वर्षं झाली म्हणजे माणूस बरंच काही ऐकून घेतो.

असे सर कळव्यात असतात, कल्याणात असतात. जिथे शाळा गच्च भरलेल्या, आईबाप पहाटेच्या लोकलने गेलेले आणि पोरांनी काहीतरी करून दाखवावं ही आस मोठी, तिथे ते उगवतातच. दिव्याला तर हे सगळं मुबलक. कोकणातून आलेला, डोंबिवलीत घर न परवडलेला, सावंतवाडीची गाडी इथूनच सुटते म्हणून समाधान मानणारा माणूस पोराच्या डोक्यात पैसे गुंतवतो. तेवढी एकच जागा त्याला परवडणारी असते.

सरांनी डी.एड. केलं ते शाळेत लागायचं म्हणून. २०१२ साली राज्यातली शिक्षकभरती थांबली. वय कुठलं थांबायला? मग २०१७ साली सरकारने भावी शिक्षकांसाठी 'अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी' आणली. २०० प्रश्न आणि दोन तास, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. सर बसले. २०२३ साली पुन्हा बसले, २०२५ साली पुन्हा. नोकरी लागली नाही, पण ते ३६ सेकंद अंगात भिनले. सर दात ३६ सेकंदांत घासतात. सांत्वनाला गेले तरी तेवढ्यातच उरकतात. गळ्यात स्टॉपवॉच असतंच. चार रंगांचं पेन आणि बदामांची डबी हा बाकीचा पोशाख.

चार पर्याय दिल्याशिवाय त्यांना बोलताच येत नाही.

"काय सर, कुठे निघालात?"

"अ, डोंबिवली. ब, दादर. क, अ आणि ब दोन्ही. ड, यांपैकी नाही. ओळखा."

"मी कसं ओळखणार?"

"हातात काय आहे बघा. रिकामी पिशवी. रिकामी पिशवी म्हणजे पुस्तकं आणायची. पुस्तकं म्हणजे दादर. तर्क लावा हो! चला, वेळ संपली."

एकदा वहिनींनी विचारलं, भाजी कसली करू, गवार की भेंडी? सर म्हणाले, "यांपैकी नाही." वहिनी म्हणाल्या, "मग आज जेवणही यांपैकी नाही." तेव्हापासून घरात एकच पर्याय असतो. सरांचा संसाराविषयीचा सिद्धांतही परीक्षेतूनच आलेला. आठवीच्या शिष्यवृत्तीच्या पेपरात काही प्रश्नांना चारातले दोन पर्याय बरोबर असायचे आणि दोन्ही गोल रंगवले तरच गुण मिळायचे. सर म्हणतात, "संसार आठवीच्या पातळीचा आहे. आईचंही बरोबर, बायकोचंही बरोबर. एकच गोल रंगवलात की शून्य."

शनिवारची मोफत तपासणी म्हणजे झेरॉक्सच्या दोन कागदांवरचे ४० प्रश्न. ते सोडवले की सर गणकयंत्रावर काहीतरी करतात आणि तुमचा बुद्ध्यांक सांगतात. खरी चाचणी मानसशास्त्रज्ञ एकेकाला समोर बसवून घेतो, तिला तास-दीड तास लागतो. पण दिव्यात दीड तास कोणाकडे आहे? सगळ्या इमारतीचे आकडे सरांना तोंडपाठ आहेत. वॉचमन १०८, गिरणीवाला ११२, सोसायटीचे सेक्रेटरी ९६. सेक्रेटरींनी गाळ्याचा मेंटेनन्स वाढवल्यापासून ते ९१वर आलेत.

क्लासातली झाडून सगळी मुलं मात्र १३०च्या वर. मी एकदा हळूच म्हटलं, "सर, या मोजपट्टीची सरासरी १००वर बांधलेली असते ना? शंभरातली अडुसष्ट माणसं ८५ ते ११५मध्ये बसतात. १३०च्या वर शंभरात जेमतेम दोन. तुमच्याकडे चाळिसातली चाळीस कशी?"

"तो देशाचा हिशेब झाला," सर म्हणाले. "हे फी भरलेले आहेत."

फी थकली की आकडा उतरतो, भरली की चढतो. इतकं संवेदनशील मोजमाप जगात दुसरीकडे कुठे होत असेल असं वाटत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या मालवणी आजी दर महिन्याला जिन्यात अडवून विचारतात, "मास्तरांनु, माझ्या नातवाचो आकडो किती इलो?" १३२ म्हटलं की त्या समाधानाने म्हणतात, "त्येच्या बापाशीक ताप इलेलो, तेवाय इतकोच इलेलो!"

गाळ्याच्या भिंतीवर तीन तसबिरी आहेत. एक सरस्वती, दुसरा जीभ काढलेला आइन्स्टाइन आणि तिसरं मेंदूचं चित्र, डाव्या अर्ध्यात गणकयंत्र आणि उजव्या अर्ध्यात गिटार. उदबत्ती तिघांनाही. डावा मेंदू हिशेबी, उजवा कलावंत, हे सरांचं मूळ तत्त्वज्ञान. उजवा जागा व्हावा म्हणून ते मुलांना डाव्या हाताने शुद्धलेखन लिहायला लावतात. ते शुद्धलेखन पाहिलं की दोन्ही मेंदू झोपलेत अशी खात्री पटते.

यामागे खरं संशोधन नाही असं नाही. दोन गोलार्धांना जोडणारा पूल शस्त्रक्रियेने तोडलेल्या रुग्णांवर रॉजर स्पेरी यांनी जे काम केलं, त्याला १९८१ साली नोबेल मिळालं. भाषा बहुतेकांची डावीकडे असते, हेही खरं. पण पूल शाबूत असलेल्या तुमच्या-आमच्या डोक्यात दोन्ही बाजू एकत्र राबतात. २०१३ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात हजाराहून अधिक मेंदूंचे स्कॅन तपासले, तेव्हा 'डाव्या मेंदूचा माणूस' आणि 'उजव्या मेंदूचा माणूस' असे दोन प्रकार काही सापडले नाहीत. हे मी सरांच्या कानावर घातलं.

"ते अमेरिकन मेंदू," सर शांतपणे म्हणाले. "त्यांच्याकडे ब्राह्मी कुठे आहे?"

माणूस मेंदूचा दहाच टक्के वापरतो, हे त्यांचं दुसरं पालुपद. उरलेले नव्वद टक्के महिना सहाशे रुपयांत सुरू करून मिळतात. प्रत्यक्षात मेंदूचा कुठलाच कोपरा भाड्याने द्यायला रिकामा नसतो. वजनाने शरीराच्या दोन टक्के असलेला हा अवयव बसल्या जागी वीस टक्के ऊर्जा खातो. या आकड्याला मात्र सरांनी कधी हरकत घेतली नाही. वीस टक्के म्हणजे पाचातला एक भाग. तेव्हापासून चार पोळ्या झाल्या की ते पाचवी मागून घेतात, "ही मेंदूची."

मध्यंतरी संगीत आलं. १९९३ साली कॅलिफोर्नियात ३६ कॉलेज-विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्ट ऐकवला, तेव्हा कागदाच्या घड्यांचे प्रश्न त्यांना थोडे बरे सुटले. तो परिणाम पाव तासात विरून गेला. तरी १९९८ साली जॉर्जियाच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची ध्वनिफीत द्यायला सरकारी पैसा मागितला होता. म्हणजे दिव्यालाच हसायला नको. सरांनी स्वदेशी बासरी लावली. पण शेजारी गिरणी. बाजरीचं दळण सुरू झालं की बासरी फक्त सरांना ऐकू यायची.

त्यानंतरचा मध्यमेंदूचा महिना अजून सगळ्या इमारतीच्या लक्षात आहे. सर कुठूनतरी मध्यमेंदू जागवण्याचं दोन दिवसांचं शिबिर करून आले आणि सोसायटीच्या सत्यनारायणाला प्रयोग ठेवला. तिसरीतल्या मुलीच्या डोळ्यांवर काळी पट्टी. ती घडाघड प्रसादाच्या द्रोणाखालचा पेपर वाचून दाखवते. आजी हात जोडून उभ्या. सेक्रेटरींनी, ९१ असूनही, मुलीला जवळ घेऊन विचारलं, "बाळा, मेंदूच्या कुठल्या भागाने वाचलंस गं?"

"खालच्या," मुलगी म्हणाली. "नाकाजवळ फट आहे तिथल्या."

अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं हेच सांगत आले होते. आमच्याकडे ते तिसरीतल्या पोरीने सांगितलं. सर जराही खचले नाहीत. "फट शोधली ना? निरीक्षणशक्ती! पूर्ण गुण!" पुढे बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता सांगणारं यंत्र आणायचा बेत होता. याला शास्त्रीय आधार नाही असं देशातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने जाहीर करून टाकलं आहे. पण बेत बारगळला तो वेगळ्याच कारणाने. भांडी घासून घासून इमारतीतल्या निम्म्या बायकांचे ठसे रेशनच्या मशीनवरच उमटत नाहीत, ते या मशीनवर काय उमटणार?

सरांची खरी परीक्षा स्टेशनवर होते. त्यांच्या पुस्तकातली १५० मीटर लांबीची गाडी ताशी ५४ किलोमीटर वेगाने येते आणि दहा सेकंदांत खांब ओलांडते. दिव्यातली गाडी फाटक बंद होत नाही म्हणून अलीकडेच उभी असते आणि खांब तिच्याकडे बघत असतो. पुस्तकात आठ मित्र वर्तुळाकार टेबलाभोवती बसतात. इथे आठ जण एका दांडीला धरतात. जलद गाड्या २०१६च्या डिसेंबरापासून दिव्याला थांबू लागल्या खऱ्या, पण थांबलेल्या गाडीत चढणं हा वेगळा घटक आहे आणि तो कुठल्याच अभ्यासक्रमात नाही.

आमच्या समोरच्या चाळीतल्या एक ताई मुलुंडला चार घरची कामं करतात. सर एकदा त्यांच्या शेजारी उभे राहून वहीत आलेख काढत होते. ताई म्हणाल्या, "सर, ही सोडा, हिचा दरवाजा कल्याणच्या बायका अडवतात. मागचीला मधल्या डब्याशी उभे राहा. तिथे तिघी ठाण्याला उतरतात. त्यातली एक सोमवारी येत नाही, उपास असतो, तेव्हा त्या दिवशी चौथी सीट धरायची." मुलुंडपर्यंतचा सगळा पट त्यांच्या डोक्यात होता, वारासकट.

याच ताईंचा शनिवारी बुद्ध्यांक आला ८४. प्रश्न होते आरशातल्या प्रतिमेचे आणि बुद्धिबळातल्या घोड्याचे. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना शहराचे हजारो रस्ते पाठ करावे लागतात. त्यांच्या मेंदूतला स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो, हे २००० साली तिथल्या संशोधकांनी दाखवलं. सर ही गोष्ट दर पालकसभेला रंगवून सांगतात. पण ताई पहिल्याच रांगेत बसलेल्या असतात, हे काही त्यांच्या ध्यानात येत नाही.

खरं तर या मोजमापाच्या थोर लोकांना हा घोळ माहीत होता. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये पहिली चाचणी केली ती हुशार मुलं निवडायला नव्हे. वर्गात मागे पडणारी कोण, कोणाला जास्त शिकवायला हवं, एवढंच त्यांना शोधायचं होतं. एकदा आलेला आकडा जन्मभराचा, असं म्हणणाऱ्यांवर ते १९०९ साली चांगलेच तडकले होते. फ्रेंच पोरांचे प्रश्न जसेच्या तसे आपल्या पोरांना चालणार नाहीत म्हणून डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बेतली आणि १९४० साली त्यावर पुस्तक लिहिलं. नागपूरला आर्थर मालिन यांनी १९६९ साली भारतीय मुलांसाठी आणखी एक बेतली. 'बिने-कामत' हे नाव आजही दवाखान्यांतल्या अहवालांवर दिसतं. पण सरांच्या भिंतीवर बिने नाहीत, कामतही नाहीत. त्यांना जीभ काढता आली नाही, आणखी काय!

आता इतकं वाचून तुम्ही म्हणाल, हा माणूस नुसता थापाड्या. इथेच गंमत आहे. त्यांच्याकडची मुलं पास होतात. दर वर्षी दोन-चार जण शिष्यवृत्तीच्या यादीत असतात. पहाटेच्या बॅचचे पोलीस भरतीवाले १६०० मीटर धावून घामेघूम येऊन बसतात आणि लेखीच्या १०० गुणांत कुठे कमी पडत नाहीत. हे होतं कशाने? बदामाने? बासरीने?

होतं ते 'चटक्या'ने. रोज वर्ग सुरू झाला की सर वह्या मिटायला लावतात आणि दहा मिनिटं प्रश्न टाकतात. दोन कालचे, दोन गेल्या आठवड्यातले, एक तीन महिन्यांपूर्वीचा. साडेतीन वाजता घड्याळाच्या काट्यांत कोन किती? ७५ अंश. चुकला तो कागदावर करून दाखवणार आणि परवा पुन्हा तोच प्रश्न त्याच्या वाट्याला येणार. हे पालक समोर असताना सर कधी करत नाहीत. त्यांना त्याची लाज वाटते. "हे घोकंपट्टीचं काम हो," ते मला खाजगीत म्हणाले. "शास्त्रीय भाग तो डाव्या हाताचा."

आणि नेमका हाच भाग शास्त्रीय. शिकलेलं किती झपाट्याने विसरलं जातं आणि दिवसांचं अंतर ठेवून उजळणी केली की कसं टिकतं, हे हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून १८८५ साली लिहून ठेवलं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकन संशोधकांनी विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एकाने धडा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, आठवड्याने आठवणारे. मुलांना रात्री दहाला झोपायला लावायचं, हा सरांचा दुसरा नियम. तोही शास्त्राला धरूनच आहे, पण सर त्याचं श्रेय वास्तुशास्त्राला देतात.

यातलं तिसरं काम तर पाटीवरही नाही. आठ वाजता वर्ग सुटला की चार-पाच पोरं मागे राहतात. ही काठावरची. गिरणी बंद झालेली असते, शांतता असते, आणि घरी दहा बाय दहाच्या खोलीत टीव्ही चालू असतो. सर त्यांच्यासोबत नऊ-सव्वानऊपर्यंत बसतात. फी नाही, तत्त्वज्ञान नाही, चार पर्यायही नाहीत. "कुठे अडलास? दाखव." बिने यांनी चाचणी कशासाठी काढली हे सरांनी कधी वाचलेलं नाही, पण दिव्यात ती त्या कामाला लागते ती एवढ्या एका तासात.

वाढते ती बुद्धिमत्ता नव्हे, वाढतात गुण. ज्या प्रकारचे प्रश्न घोटले त्या प्रकारचे सुटू लागतात, याहून मोठा दावा कोणी करू नये. मेंदूचे खेळ खेळवून डोकं तल्लख करण्याची जाहिरात करणाऱ्या लुमोसिटी या अमेरिकन कंपनीला २०१६ साली असल्याच दाव्यांपायी वीस लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं. पण गुण ही काही हलकी वस्तू नाही. एनएमएमएसच्या परीक्षेत ९० प्रश्न बौद्धिक क्षमतेचे आणि ९० शालेय विषयांचे. आठवीत यादीत नाव लागलं की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये शिष्यवृत्ती.

मागच्या पालकसभेत सर ताईंना म्हणाले, "अभिनंदन, मुलगा १३४ आहे. तुमचं ८४ मनावर घेऊ नका, उजवा मेंदू जागवला की..."

"सर, माझा आकडा राहू दे," ताई म्हणाल्या. "त्याचापण राहू दे. बारा हजारवाली निघेल का तेवढं सांगा. मला आठ-चौदा पकडायची आहे."

सरांनी स्टॉपवॉच हातात घेतलं, पण दाबलं नाही. "चटके चुकवले नाहीत तर निघेल," ते म्हणाले. चारातला एकही पर्याय त्यांनी दिला नाही.

तेव्हा तुमच्या गल्लीतही असे सर असतील तर त्यांना नावं ठेवत बसू नका आणि त्यांचं भाषणही मनावर घेऊ नका. बदाम चांगले असतात, ते घरी खा. डाव्या हाताने शुद्धलेखन लिहायला लावलं तर लिहू द्या, हात दुखण्यापलीकडे काही होत नाही. शनिवारचा आकडा कागदासकट रद्दीत घाला. पोराला तो सांगू नका, कमी आला तरी आणि जास्त आला तरी. पण पहिल्या दहा मिनिटांना पोरगं वेळेवर पोचलंच पाहिजे, आणि आठनंतर ते मागे राहिलं तर हाक मारू नका. आणि फी पाच तारखेच्या आत भरा. त्या मागच्या पाच जणांचा तास त्यातूनच निघतो.